पहाटेचा भ्रम, संकष्टीला फिट आणि साखर ३८ : इन्सुलिनोमाचं निदान पक्कं कसं करतात?

अबोली७ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या पलीकडे फारसं लिहीत नाही, पण आज मदत हवी आहे. लांबलंय, सांभाळून घ्या.

माझ्या मोठ्या जाऊबाई, वय ४३, राहायला सांगली जिल्ह्यात. दीडेक वर्षापासून त्यांना पहाटे काहीतरी होतं. उठतात, पण भानावर नसतात. एकदा गॅसवर दूध ठेवलं आणि त्यात मिसरीची डबी रिकामी केली. एकदा अंगणात नुसत्याच उभ्या, घामाने पदर भिजलेला, हाक मारली तर मला म्हणाल्या, "तू कोण गं?" साखरेचा चहा पाजला की दहा-पंधरा मिनिटांत माणूस ताळ्यावर. नंतर विचारलं तर काही म्हणजे काही आठवत नाही. संकष्टीला तर ठरलेलंच. चंद्रोदयाच्या आधी नजर शून्यात, जीभ जड, आणि दोनदा हातपाय आखडून सरळ फिट.

सासूबाईंचं म्हणणं, अंगात येतं. त्यावर जे करायचं ते सगळं करून झालंय, त्याची चर्चा इथे नको. मग मेंदूचे डॉक्टर झाले. एमआरआय नॉर्मल, ईईजीमध्ये किरकोळ बदल, फिटच्या गोळ्या सुरू. गोळ्या घेऊनही त्रास तसाच, वर दिवसभर पेंग. आणि वजन वाढत चाललंय, कारण रात्री दोनला उठून लाडवाचा डबा उघडतात. त्यावरून घरात टोमणे, ते वेगळेच.

परवा पुन्हा झालं तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यातल्या सिस्टरने ग्लुकोमीटर लावला. ३८! शिरेतून ग्लुकोज गेलं आणि या उठून बसल्या. मधुमेह नाही, मधुमेहाची गोळी नाही. तिथल्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर "इन्सुलिनोमा?" (म्हणजे इन्सुलिन सोडत राहणारी स्वादुपिंडाची गाठ) असं लिहिलं आणि पोटाची सोनोग्राफी करायला लावली. ती नॉर्मल आली.

आता घरात दोन तट. एक म्हणतो सोनोग्राफी स्वच्छ आहे, विषय संपला. दुसरा म्हणतो थेट पेट स्कॅन करा. मोठ्या दिरांनी नेटवर "स्वादुपिंडाची गाठ" एवढंच वाचलं आणि तेव्हापासून जेवण टाकलंय. कुणाला अनुभव असेल तर लिहा. पुढची पायरी कोणती?

टवाळ

साखर ३८? आमच्याकडे १३८ वर आणता आणता लोकांचा जीव जातोय. हलके घ्या. बाकी काळजी घ्या, वाचतोय.

रानपाखरू

टवाळभाऊ, इथे तरी नको. अबोलीताई, एक विचारू का? संकष्टीला साबुदाण्याची खिचडी, वरी, बटाटा असं काही खातात ना त्या? मग साखर इतकी कशी उतरते?

अबोली७

नाही हो, त्यांचा उपास कडक. दिवसभर पाणी आणि एखाद वेळी बिनदुधाचा चहा, मोदक चंद्र दिसल्यावर. एकादशीला मात्र खिचडी, रताळी चालतात, आणि खरंच, एकादशीला कधी काही झालेलं आठवत नाही. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

वेलदोडा

अबोली, ही एकादशी-संकष्टीची नोंद डॉक्टरांना जशीच्या तशी सांगा, फार मोलाची आहे. मी अंतःस्रावी ग्रंथींच्या विभागात काम करते. इथे बसून निदान करणार नाही, पण वाट कशी असते ते सांगते.

पहिली गोष्ट, स्कॅनच्या मागे इतक्यात लागू नका. गाठ कुठे आहे हा दुसरा प्रश्न. शरीर नको तेव्हा इन्सुलिन सोडतंय का, हा पहिला. त्याचं उत्तर रक्तात असतं, चित्रात नाही.

तीन गोष्टी एकत्र जुळाव्या लागतात. साखर कमी झाल्याची लक्षणं, नेमकी त्याच वेळी रक्तात साखर खरोखर कमी, आणि साखर दिल्यावर उतार. जाऊबाईंच्या बाबतीत पहिली आणि तिसरी ठसठशीत आहे. दुसरीसाठी ग्लुकोमीटरचा ३८ हा इशारा म्हणून उत्तम, पुरावा म्हणून अपुरा. खालच्या आकड्यांना ही यंत्रं भरवशाची नसतात. शिरेतलं रक्त प्रयोगशाळेत गेलं पाहिजे, तेही फ्लोराइडच्या, म्हणजे करड्या बुचाच्या नळीत. साध्या नळीत रक्त तसंच पडून राहिलं तर त्यातल्या पेशीच साखर खाऊन टाकतात आणि भल्या माणसाचा रिपोर्ट कमी येतो.

आता मुख्य भाग. साखर ५५ च्या खाली आहे, लक्षणं चालू आहेत, त्या क्षणी घेतलेल्या रक्तात इन्सुलिन, सी-पेप्टाइड, प्रोइन्सुलिन (इन्सुलिनचं कच्चं रूप) आणि बीटा हायड्रॉक्सीब्युटिरेट हे कीटोन (चरबी जळताना बनणारा पदार्थ, इन्सुलिन असलं की तो कमीच राहतो) बघतात. निरोगी माणसाची साखर इतकी उतरली तर इन्सुलिन जवळजवळ बंद व्हायला हवं. इन्सुलिनोमात ते वायसर गेलेल्या नळासारखं ठिबकतच राहतं. म्हणून त्या वेळी इन्सुलिन ३ मायक्रोयुनिट किंवा जास्त, सी-पेप्टाइड ०.६ नॅनोग्रॅम किंवा जास्त, प्रोइन्सुलिन ५ पिकोमोल किंवा जास्त, आणि कीटोन २.७ मिलिमोल किंवा कमी, असं चित्र आलं की संशय पक्का होत जातो. ३ हा आकडा ऐकायला अगदी मामुली वाटतो. लॅबच्या छापील कागदावर तो नॉर्मलच्या रकान्यात बसतो आणि कितीतरी रिपोर्ट तिथेच "सर्व ठीक" म्हणून फायलीत जातात. साखर ९० असताना इन्सुलिन ३ म्हणजे काहीच नाही. साखर ४० असताना ३ म्हणजे गडबड आहे.

सी-पेप्टाइड कशाला, तर आपलं स्वादुपिंड इन्सुलिन तयार करतं तेव्हा ते जोडीने बाहेर पडतं, आणि बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमध्ये ते नसतं. कुणी चुकून वा मुद्दाम इन्सुलिन टोचलं असेल तर तिथे उघडं पडतं.

झटका आपोआप येईल तेव्हा दवाखान्यात असाल असं होत नाही. म्हणून मुद्दाम उपाशी ठेवून करायची चाचणी असते, जास्तीत जास्त ७२ तासांची. दाखल करूनच. घरी कुणीही हा प्रयोग करू नका, जीव जाऊ शकतो.

किनारा

वेलदोडाताईंनी लिहिलंय ते आम्ही माझ्या धाकट्या भावाच्या वेळी सोसून शिकलो. तोही मिरगीचा पेशंट म्हणूनच फिरत होता.

आधी एका खाजगी रुग्णालयात आम्हाला वाटलं तपासणी झाली. झालं काय, तो पहाटे बेशुद्ध होता, सिस्टरने आधी ग्लुकोज दिलं, तो शुद्धीवर आला, आणि मग सकाळी नऊला लॅबचा माणूस येऊन इन्सुलिनसाठी रक्त घेऊन गेला. तोवर साखर १६०. इन्सुलिन वाढलेलं येणारच, साखर दिल्यावर कुणाचंही वाढतं. तो कागद घेऊन आम्ही चार ठिकाणी फिरलो आणि प्रत्येकाने बाजूला ठेवला. नमुना आधी, ग्लुकोज नंतर, हे दोन मिनिटांचं काम त्या पहाटे कुणाला सुचलं नाही.

मुंबईत रीतसर चाचणी झाली, मी सोबत होतो. रात्रीचं जेवण झालं तिथून घड्याळ सुरू. पाणी चालतं, बिनसाखरेचा बिनदुधाचा चहा चालतो. पडून राहायचं नाही, व्हरांड्यात फेऱ्या मारायच्या. सुरुवातीला दर सहा तासांनी रक्त, साखर ६० च्या खाली गेली की एक-दोन तासांनी. हाताला सुई लावून ठेवलेली, म्हणजे गरज पडली तर शीर शोधत बसायला नको.

दुसऱ्या दिवशी पहाटे निवासी डॉक्टर मुलगी त्याच्याजवळ बसून प्रश्न विचारत होती. शंभरातून सात वजा करत जा. वार उलटे म्हणा. भाऊ बँकेत कॅशियर, आकडेमोडीत वाघ. ९३, ८६ म्हणाला, मग थांबला, मग हसायला लागला, मग पुन्हा ९३. घाम नाही, थरथर नाही. मला वाटलं झोप आलीय. ती मात्र ताडकन उठली. आधी करड्या बुचाची नळी भरली, मग बाकीच्या, इन्सुलिनची नळी बर्फात ठेवून वॉर्डबॉयला पळवत लॅबला पाठवली. साखर ४२. त्यानंतर ग्लुकागॉनचं इंजेक्शन देऊन दहा, वीस, तीस मिनिटांनी पुन्हा साखर पाहिली, आणि मग जेवण. इतक्या चवीने वरणभात खाताना त्याला मी कधी पाहिला नव्हता.

घाम-थरथर का नाही, तर वारंवार साखर उतरत राहिली की शरीराची धोक्याची घंटा हळूहळू बंद पडते म्हणे. उरतात फक्त मेंदूची लक्षणं. म्हणून असे लोक वेडे, दारुडे, मिरगीवाले ठरतात.

वेलदोडा

किनारा, अगदी नेमकं लिहिलंत. ग्लुकागॉनचा अर्थ सांगते. इन्सुलिन जास्त असेल तर यकृतात साखरेचा साठा अडकून पडलेला असतो. ग्लुकागॉन तो सोडवतं. साखर २५ किंवा जास्त चढली, तर आत इन्सुलिन काम करत होतं याला आणखी एक दुजोरा. आणि ७२ तास हा आकडा ऐकून घाबरू नका, बहुतेकांची चाचणी पहिल्या ४८ तासांतच संपते, पुष्कळांची तर पहिल्या रात्रीतच.

निशिगंध

फार्मसीत नोकरी करते, त्या बाजूने चार गोष्टी. हे सगळे आकडे इन्सुलिनोमासारखेच हुबेहूब दाखवणारी आणखी एक गोष्ट असते : मधुमेहाच्या गोळ्या. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड ही मंडळी स्वादुपिंडाकडूनच इन्सुलिन सोडवून घेतात, त्यामुळे इन्सुलिनही वाढतं आणि सी-पेप्टाइडही. रक्तात या औषधांचा शोध घेतल्याशिवाय फरक कळत नाही.

"आम्ही गोळी घेत नाही" यावर विसंबू नका. सासूबाईंना मधुमेह आहे का? दोघींच्या गोळ्या एकाच डब्यात असतात का? केमिस्टकडून एका नावाच्या जागी दुसरी पट्टी येते, हेही होतं. कुणी वजनासाठी, संधिवातासाठी चूर्ण देतं का? अशा बेनामी पुड्यांत मधुमेहाची आधुनिक औषधं मिसळलेली सापडली आहेत. घरातल्या सगळ्या पट्ट्या, बाटल्या, पुड्या एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ओता.

आणि एक, जे फार कमी लोकांना ठाऊक असतं. हातापायाला मुंग्या येतात म्हणून नसांच्या गोळ्या देतात, मिथाइलकोबालामिनवाल्या. त्यातल्या कित्येकांत अल्फा लिपोइक ॲसिड असतं. काही थोड्या लोकांत त्याने इन्सुलिनविरुद्धच अँटिबॉडी तयार होतात आणि साखर अचानक कोसळते. १९७० मध्ये जपानमध्ये हिराता यांनी या आजाराचं पहिलं वर्णन केलं, त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. यात इन्सुलिनचा आकडा अवाढव्य येतो, शंभराच्या पुढे, कधी हजारातही. तिथे पोट उघडायची गरज नसते, गोळी थांबवून बहुतेकदा भागतं. अँटिबॉडीची तपासणी म्हणून आधी.

अबोली७

निशिगंधताई, अंगावर काटा आला. सासूबाईंना मधुमेह आहे, आणि डबा एकच आहे, स्टीलचा, फ्रिजवरचा. आज फोन करून वेगळा करायला सांगितला. जाऊबाईंना डोळ्यांनी पट्टी ओळखता येते, त्या चुकत नाहीत असं दीर म्हणतात, पण पिशवी भरून न्यायचीच.

पिवळा बावटा

एवढा खटाटोप कशाला? पैसे असतील तर सरळ पेट स्कॅन करा, दूध का दूध होऊन जाईल. माझ्या मेव्हण्याच्या आतड्याच्या गाठीला डोटाटेट पेट केला होता, मिलिमीटरपर्यंत दिसलं. उगाच बाईमाणसाला तीन दिवस उपाशी ठेवायचं आणि वर ज्ञान द्यायचं.

वेलदोडा

पिवळा बावटा, तुमच्या मेव्हण्यांना त्याचा उपयोग झाला हे खरंच. पण गाठीगाठीत फरक आहे. डोटाटेट चिकटतं सोमॅटोस्टॅटिन या हॉर्मोनच्या रिसेप्टरला, म्हणजे पेशीवरच्या त्याच्या कुलपाला. इतर बहुतेक न्यूरोएंडोक्राइन (हॉर्मोन सोडणाऱ्या पेशींपासून उठणाऱ्या) गाठींवर ते भरपूर असतात, साध्या इन्सुलिनोमावर पुष्कळदा कमी. म्हणजे स्कॅन कोरा येऊ शकतो आणि गाठ आत सुखाने बसलेली असते. इन्सुलिनोमावर जीएलपी-१ या दुसऱ्या हॉर्मोनचे रिसेप्टर दाट असतात, त्यांना शोधणारा एक्सेंडिन पेट वेगळा. तो चंदीगडच्या पीजीआयसारख्या मोजक्याच ठिकाणी होतो.

उलटंही घडतं. रक्ताचा पुरावा नसताना स्कॅन करत सुटलं की स्वादुपिंडात काहीतरी सापडतंच, एखादी निरुपद्रवी सिस्ट, एखादा ठिपका. मग तीच दोषी ठरते, ऑपरेशन होतं, आणि महिन्याने साखर पुन्हा ४०.

पिवळा बावटा

बरं बाई. पण मग गाठ दिसणार कशात? सोनोग्राफी तर कोरी आलीय.

वेलदोडा

पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत ती दिसली असती तर आश्चर्य. स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला टेकून असतं, मध्ये वायू. आणि या गाठी बहुतेक २ सेंटिमीटरपेक्षा लहान. म्हणजे नॉर्मल सोनोग्राफीवरून "गाठ नाही" असं म्हणता येत नाही, अबोली, तो तट घरात मोडून काढा.

रक्ताने साक्ष दिली की पहिला सीटी, पण साधा नव्हे, स्वादुपिंडासाठीचा, वेगवेगळ्या टप्प्यांत घेतलेला. या गाठीत रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे सीटीसाठी शिरेतून दिलेलं रंगद्रव्य धमनीत असतानाच्या पहिल्या काही सेकंदांत ती उजळते आणि नंतर आजूबाजूत मिसळून जाते. तो टप्पा चुकला की गाठ हुकली. म्हणून रेडिओलॉजिस्टच्या चिठ्ठीवर "इन्सुलिनोमाचा संशय" असं स्पष्ट लिहून घ्या. नुसतं "पोटदुखी" लिहिलेल्या चिठ्ठीवर नेहमीचा सीटी होतो. नाहीच दिसली तर एमआरआय, आणि एंडोस्कोपिक सोनोग्राफी. तोंडावाटे दुर्बीण जठरात नेऊन तिथूनच, स्वादुपिंडाला खेटून सोनोग्राफी. करणाऱ्याचा हात मुरलेला असेल तर फार चांगली तपासणी. फक्त शेपटाकडचा भाग तिला जरा अवघड.

तरीही नाही सापडली तर एक जुनी, पण हुशार तपासणी आहे. जांघेतून नळी घालून स्वादुपिंडाला रक्त नेणाऱ्या एकेका धमनीत कॅल्शियम सोडतात आणि यकृताच्या शिरेतून रक्त घेऊन इन्सुलिन मोजतात. ज्या धमनीत कॅल्शियम सोडल्यावर इन्सुलिन दुपटीहून वाढतं, गाठ त्या धमनीच्या हद्दीत. चित्र नसतानाही पत्ता मिळतो, निदान पेठ तरी कळते.

आडवाटेचा पांथस्थ

थोडं अवांतर, पण धाग्याला धरूनच. वेलदोडाताईंनी सांगितलेल्या त्या तीन अटी ॲलन व्हिपल या न्यूयॉर्कच्या सर्जनच्या नावाने ओळखल्या जातात. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळं केलं. इन्सुलिन कमी पडल्याने आजार होतो, तर जास्त झाल्यानेही होत असणार, हे १९२४ मध्ये अमेरिकेतल्या सील हॅरिस यांनी मांडलं. १९२७ च्या सुमारास अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये अशाच झटक्यांच्या एका रुग्णाचं, जो स्वतः डॉक्टर होता, पोट उघडलं तर स्वादुपिंडात गाठ आणि यकृतात पसरलेली. त्या यकृतातल्या गाठींचा अर्क सशांना टोचला तर सशांची साखर उतरली! गाठ इन्सुलिन बनवते याचा तो पुरावा. आणि १९२९ मध्ये गाठ काढून रुग्ण बरा झाल्याची पहिली शस्त्रक्रिया पुन्हा टोरांटोतच, रॉस्को ग्रॅहम यांची.

मग व्हायचं तेच झालं. ज्याला घेरी येते, अशक्तपणा वाटतो, त्याचं स्वादुपिंड उघडायची लाट. पुष्कळांत काही सापडेना. व्हिपलच्या अटी या लाटेला घातलेला बांध होता : या तिन्ही जुळल्याशिवाय सुरी लावू नका. आज पेट स्कॅनच्या बाबतीत वर जो वाद झाला तो तेव्हा सुरीच्या बाबतीत झाला होता, एवढंच.

आणखी एक. या गाठींवरच्या १९३५ च्या निबंधात व्हिपल यांच्या सोबत व्हर्जिनिया फ्रांत्झ होत्या, पॅथॉलॉजिस्ट. पुढे १९५९ मध्ये स्वादुपिंडाच्या आणखी एका दुर्मीळ गाठीचं वर्णन त्यांनी केलं, तिला आजही फ्रांत्झची गाठ म्हणतात.

हळदकुंकू

पांथस्थ, ती फ्रांत्झची गाठ माझ्या भाचीला झाली होती, कॉलेजात असताना. ती बहुतेक तरुण मुलींनाच होते. साखरबिखर काही नाही, ती गाठ हॉर्मोनच बनवत नाही. पोटाला लागलं म्हणून सीटी केला तर स्वादुपिंडाच्या शेपटाशी मोसंबीएवढी. सगळ्यांनी हाय खाल्ली. पण पूर्ण काढली की बहुतेक मुली बऱ्या होतात, असं सर्जननी आधीच सांगितलं आणि तसंच झालं. अबोली, सांगायचं एवढंच की स्वादुपिंडाची गाठ म्हटलं की एकच आजार डोळ्यांपुढे आणू नका. दिरांना जेवायला बसवा.

अबोली७

हळदकुंकूताई, तुमचा प्रतिसाद दिरांना वाचून दाखवला. जेवले, पण पुढचा प्रश्न तयारच : "मग त्या स्टीव्ह जॉब्जचं काय? इरफान खानचं काय?"

वेलदोडा

दोघांनाही न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर होता, हे खरं. जॉब्ज यांचा स्वादुपिंडातला, २००३ मध्ये सापडला, २०११ मध्ये ते गेले. इरफान खान यांनी मार्च २०१८ मध्ये आजार जाहीर केला आणि एप्रिल २०२० मध्ये ते गेले. पण हे फार मोठं कुटुंब आहे आणि त्यात इन्सुलिनोमा सगळ्यांत सौम्य म्हणावा असा. दहातल्या सुमारे नऊ साध्या असतात, पसरत नाहीत, आणि एकट्याच असतात. मुळात आजारच दुर्मीळ, वर्षाला दहा लाख माणसांत एक ते चार. स्वादुपिंडाचा ज्याला आपण सर्रास कॅन्सर म्हणतो तो नलिकेच्या पेशींतून उठतो, त्याची जातकुळीच निराळी. उरलेल्या दहातल्या एकासाठी गाठ काढल्यावरचा पॅथॉलॉजी रिपोर्ट नीट वाचायचा, त्यातला केआय-६७ चा, म्हणजे गाठीच्या पेशी किती वेगाने वाढतात ते सांगणारा आकडा विचारायचा. आधीच काळजी करून उपयोग नाही.

चिऊ_काऊ

धागा हायजॅक करत नाही, पण मलाही जेवल्यावर दोन-तीन तासांनी थरथरतं, गोड खावंसं वाटतं. मी पण ही उपाशी चाचणी करून घेऊ का?

वेलदोडा

चिऊ, जेवणानंतरचं आणि उपाशीपोटीचं, हे दोन वेगळे रस्ते. इन्सुलिनोमात क्वचित जेवणानंतरही होतं, पण मुख्य खूण उपाशीपोटी, पहाटे, व्यायामानंतर. तुम्ही आधी थरथरतं तेव्हा साखर मोजा. पुष्कळदा ती ८०-९० निघते आणि प्रश्न तिथेच संपतो. जठराचं किंवा वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं असेल तर मात्र डॉक्टरांना जरूर सांगा, त्यांच्यात जेवणानंतर साखर खरोखर उतरते.

टवाळ

वरच्या विनोदाबद्दल ओशाळलोय. प्रश्न खरा आहे : चाचणीची तारीख मिळेपर्यंत या काकूंनी रात्री काय करायचं? लाडू चालू ठेवायचे?

निशिगंध

लाडवांवरून टोमणे मारणं बंद, हे पहिलं. ती बाई स्वतःचा जीव वाचवत होती. झोपताना पोटभर काहीतरी, शक्यतो सावकाश पचणारं. मक्याचं कच्चं पीठ पाण्यात कालवून झोपताना घ्यायला सांगतात, ते तासन्‌तास हळूहळू साखर सोडतं. संकष्टी बंद. उशाशी ग्लुकोज पावडर. पण शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा. डायझॉक्साइड नावाची गोळीही आहे, इन्सुलिन दाबते, तिने सूज येते आणि अंगावर केस वाढतात, ती डॉक्टरच ठरवतील. चाचणीच्या आधी घ्यायची नाही, निकाल बिघडतो.

अबोली७

मंडळी, धागा वर काढतेय.

मुंबईत सरकारी रुग्णालयात दाखल करून चाचणी झाली. रात्रीच्या जेवणानंतर सुरू केली ती पहाटेच आटोपली. साखर ४१, इन्सुलिन १४, सी-पेप्टाइड २.३, कीटोन ०.२. मधुमेहाच्या गोळ्यांची तपासणी बाहेरच्या लॅबला पाठवली होती, ती निगेटिव्ह. अँटिबॉडीही निगेटिव्ह. औषधांची पिशवी नेली होती, तिथल्या प्राध्यापक बाईंनी खरंच एकेक पट्टी उलटून पाहिली.

चाचणीच्या वेळी सासूबाई सोबतच होत्या, हट्टाने आलेल्या. डॉक्टर जाऊबाईंना नातवाचं नाव विचारत होते आणि त्यांना येत नव्हतं. लगेच ग्लुकोज दिलं आणि सासूबाईंच्या डोळ्यांदेखत त्यांनी नाव सांगितलं. त्यावर सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुपारी कॅन्टीनमधून स्वतः शिरा घेऊन आल्या.

सीटीत स्वादुपिंडाच्या मधल्या भागात १.४ सेंटिमीटरची एकच गाठ दिसली, एंडोस्कोपिक सोनोग्राफीतही तीच. नमुना सुईने घ्यायची गरज नाही म्हणाले, रक्त आणि चित्र जुळतंय. आता दोन गोष्टी विचारायच्यात. सर्जन म्हणतात, गाठ मुख्य नलिकेपासून किती लांब आहे त्यावर नुसती गाठ कोरून काढायची की शेपटाकडचा भागच काढायचा ते ठरेल. आणि कॅल्शियम, पॅराथायरॉइड हॉर्मोन, प्रोलॅक्टिन या तपासण्या का सांगितल्यात? त्यांचा स्वादुपिंडाशी काय संबंध?

किनारा

पहिल्याचं उत्तर आमच्या अनुभवाचं. भावाची गाठ वरच्या वर होती, कोरून निघाली. सर्जन पोटात गेल्यावर बोटांनी चाचपतात आणि गाठीवरच सोनोग्राफीचा प्रोब ठेवून नलिका किती जवळ आहे ते बघतात. नलिकेला धक्का लागला तर स्वादुपिंडाचा रस गळत राहतो. भावाला तो त्रास झाला, बाजूची नळी बरेच आठवडे राहिली, घरी नळीसकट आला. आपोआप थांबलं. हे आधी माहीत असलं तर घाबरायला होत नाही. शेपटाकडचा भाग काढायचा ठरलं तर प्लीहा राहणार की जाणार ते विचारा. जाणार असेल तर काही लसी आधी घ्याव्या लागतात.

वेलदोडा

दुसऱ्याचं मी सांगते. इन्सुलिनोमाच्या थोड्या रुग्णांत, साधारण वीसात एक ते दहात एक, मेन-१ नावाचा आनुवंशिक दोष असतो. त्यात पॅराथायरॉइड, पिट्युटरी आणि स्वादुपिंड या तिन्हींत गाठी होऊ शकतात. पॅराथायरॉइड बिघडली की कॅल्शियम वाढतं आणि प्रोलॅक्टिन पिट्युटरीतून येतं, म्हणून या तपासण्या. मूतखडे झालेत का, माहेरी कुणाला गळ्याच्या ग्रंथीचं किंवा अल्सरचं ऑपरेशन झालंय का, हेही विचारतील. तो दोष असेल तर स्वादुपिंडात एकाहून जास्त गाठी असू शकतात, आणि सर्जनचा बेत बदलतो. ४३ व्या वर्षी एकच गाठ आहे, घरात कुणाला काही नाही, तर शक्यता कमी. पण कॅल्शियमची तपासणी स्वस्तात होते, ऑपरेशनआधी ती व्हायलाच हवी.

अबोली७

कॅल्शियम नॉर्मल आलंय. मूतखड्याचा त्रास माहेरी कुणालाच नाही. शेवटचं विचारते. फिटच्या गोळ्या दीर आजच बंद करायला निघालेत, "मिरगी नव्हतीच ना" म्हणून. करू दे का?

वेलदोडा

अजिबात नाही. या गोळ्या एकदम थांबवल्या तर नुसत्या त्यामुळेच फिट येऊ शकते, मूळ मिरगी असो वा नसो. ऑपरेशन होऊ दे, साखर स्थिर राहते का बघू दे. ऑपरेशननंतर पहिले काही दिवस उलट साखर वाढलेली दिसेल, दबलेल्या निरोगी पेशी जाग्या व्हायला वेळ घेतात, त्यालाही घाबरू नका. मग मेंदूच्या डॉक्टरांकडे सगळे कागद घेऊन जा, ते हळूहळू उतरवत नेतील. त्यांच्या फाइलमध्ये नवं निदान लिहून घ्या, जुनं "मिरगी" तसंच राहू देऊ नका. आणि जाऊबाई स्कूटी चालवत असतील तर तोवर किल्ली दिरांकडे.